बी, माती आणि शाळा

मुलांनो, मराठवाड्याचा नकाशा उघडा आणि छत्रपती संभाजीनगरपासून पूर्वेकडे बोट सरकवा. सापडला? हाच जालना जिल्हा. १ मे १९८१ रोजी तो वेगळा झाला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे त्याचे आठ तालुके. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यात आहे, घनसावंगी तालुक्यात.

कुंडलिका नदीकाठचं जालना शहर आज दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं, लोखंडी सळया आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे बियाण्यांची कंपनी काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आता इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, "काका, बी चांगलं आणलं की पीक आलंच ना?" काका हसतील. "पोरा, बी कितीही भारी असू दे. माती नको? पाणी नको?"

शाळेचं अगदी तसंच आहे, बरं का! मूल हुशार, गुरुजी मेहनती, तरी वर्ग कसा आहे यावरही शिकणं ठरतं. पटत नाही? चला तर, एस.टी.त बसा. जिल्हाभर फिरून येऊ.

खिडकीतून काळी जमीन दिसते, कापूस दिसतो, तूर दिसते, मधूनच मोसंबीच्या बागा. पण एप्रिल उजाडला की हीच जमीन तापते आणि पारा चाळीसच्या वर जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली बसून पाहा. पत्रा लवकर तापतो आणि ती धग थेट डोक्यावर उतरते. मग फळ्यावरच्या अपूर्णांकांत कुणाचं लक्ष लागणार? म्हणूनच तर उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे गुण तपासले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की ज्या वर्षी शाळेचे दिवस जास्त तापतात, त्या वर्षी मुलं कमी शिकतात. आणि वर्ग थंड ठेवायची सोय असली, तर हे नुकसान बरंचसं टळतं. आपल्याकडचा साधा उपाय म्हणजे छपराला पांढरा चुना आणि अंगणात कडुनिंब. माघ-फाल्गुनात कडुनिंबाची पानं गळतात खरी, पण ऐन उन्हाळ्यात तो नव्या पालवीनं भरून सावली धरतो. वर्गातल्या आळशाला रागावण्याआधी त्याच्या डोक्यावर काय तापतंय, तेही पाहावं!

आता आवाजाकडे वळू. हमरस्त्यालगत किंवा रेल्वेच्या रुळांजवळ एखादी शाळा असली, की गाडी आली म्हणून बाई वाक्य अर्धं सोडतात. गाडी जाते, पण धागा तुटलेला असतो. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेजवळून अशीच आगगाडी धडधडत जायची. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली दाखवून दिलं, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. सहावीची मुलं तर जवळजवळ वर्षभर मागे! मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांत आवाज शोषणारी छतं केली. काही वर्षांनी पाहिलं, तर दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली. मुलं आधीही 'ढ' नव्हतीच, पाहिलंत?

मंठ्याकडे निघालो की वाटेत तांडे लागतात. तिथल्या घरात बंजारा बोली बोलतात. पहिलीतलं मूल शाळेत येतं, तेव्हा पुस्तक बोलतं मराठी. मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, "हा बुजरा आहे." खरं म्हणजे त्याच्या ओळखीचा एकही शब्द वर्गात नसतो. तुमच्या पणजोबांना याची कल्पना असेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि वरच्या वर्गांत शिकायचं तर उर्दूतून! घरात मराठी आणि शाळेत उर्दू. जी अडचण तेव्हा मराठी मुलांची होती, तीच आज तांड्यावरच्या पोरांची आहे. गुरुजींनी चार शब्द त्यांच्या बोलीतले शिकून घेतले, तरी मुलांचे चेहरे फुलतात.

आता सगळ्यात अवघड जागी आलोय. दिवाळी झाली, की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतल्या कित्येक घरांना कुलूप लागतं. आई-बाबा ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, मग मुलंही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसतात. परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबांजवळ राहायचं, जेवणाची सोय शाळेमार्फत. पण विचार करा, सात वर्षांच्या मुलानं आईला सोडून मागे राहायचं, तर शाळा कशी हवी? जिथे पोटभर खिचडी मिळते, प्यायला पाणी आहे, मुलींसाठी दार लागणारं स्वच्छतागृह आहे आणि हाक मारणारं कुणीतरी आहे, तिथेच ते राहील ना?

पाण्यावरून आठवलं. जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव पाहाच. तिथल्या लोकांनी डोंगरउतारावर बांध घातले, शेततळी खोदली, पाणी अडवलं आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हाही या गावानं तग धरला. गावात काम असलं, की आई-बाबांना गाव सोडावं लागत नाही आणि शाळेच्या बाकावरची जागाही रिकामी पडत नाही. म्हणजे शाळेचं वातावरण कुंपणापाशी संपत नाही, ते शिवारापर्यंत पसरलेलं असतं.

आता पालकांसाठी दोन शब्द. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्रत्येक शिक्षकाला वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान आणि ग्रंथालय हवंच, असं तो सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेव्हा बैठकीला नुसती सही करून येऊ नका, पाण्याच्या टाकीचं झाकणही उघडून पाहा.

आणि मुलांनो, तुम्हाला एक काम. आठवडाभर दुपारी बारा वाजता वर्गातलं आणि झाडाखालचं तापमान मोजा. एका तासात बाहेरच्या आवाजानं धडा किती वेळा थांबला, तेही लिहा. शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, हे बसून पाहा. मग हा तक्ता मुख्याध्यापकांना दाखवा. तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून छपराला चुना लागला, तर पुढच्या उन्हाळ्यात पहिलीची चिल्लीपिल्ली गारव्यात बाराखडी गिरवतील.