मेरिदाची न्याहारी : बटाटा, दूध आणि अंडे

व्हेनेझुएला म्हटले, की आपल्याला खनिज तेल आणि उष्ण समुद्रकिनारा आठवतो. परंतु या देशाच्या पश्चिमेला अँडीज पर्वताची एक शाखा शिरलेली आहे आणि तिच्या कुशीत मेरिदा हे शहर वसले आहे. शहराची उंची सुमारे १,६०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकी. तेथून मुकुचिएस गावाकडे चढू लागले, की ३,००० मीटरच्या आसपास बटाटा, गहू आणि लसूण यांची उतारावरची शेते लागतात. विषुववृत्त जवळ असल्याने महिन्यामहिन्यांत हवामान फारसे बदलत नाही. बदलते ते दिवस-रात्रीत. दुपारचे ऊन चटका देते, पहाट मात्र बाराही महिने गारठलेली असते.

या गारठ्यावरचा तेथील घरगुती उतारा म्हणजे ‘पिस्का’ : बटाटा, दूध आणि अंडे यांचे गरम सूप. मेरिदा, ताचिरा आणि त्रुहियो या डोंगरी प्रांतांत ते न्याहारीला घेतात आणि सोबत गव्हाच्या पिठाची जाड भाकरी, ‘आरेपा’, असते. यातील बटाटा अँडीजचाच. दूध, अंडी, गहू आणि कोथिंबीर स्पॅनिश वसाहतीबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला आणि त्याचे मराठी नावही त्यांच्याच भाषेतले. त्यामुळे हा पदार्थ परका असला, तरी त्यातील एकही जिन्नस आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही.

आपल्या घरी का करावा?

अनेक ज्येष्ठांची न्याहारी चहा आणि दोन बिस्किटांवर आटोपते. दात गेलेले, भूक मंदावलेली आणि एकट्यासाठी चूल पेटवण्याचा कंटाळा. वजन हळूहळू उतरते. बांगड्या सैल होतात, कवळी हलू लागते आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात स्नायू झिजत असतात आणि त्याची परिणती पडण्यात होते. निरोगी ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. पिस्काच्या एका वाडग्यातून त्यांपैकी सुमारे १५ ग्रॅम सकाळीच मिळतात आणि तीही फारसे न चावता.

कृती (दोघांसाठी)

दोन मध्यम बटाटे सोलून लहान फोडी करा. एक चमचा लोण्यात पातीचा कांदा आणि लसणाची एक पाकळी मऊ होईपर्यंत परता. फोडी आणि दोन कप पाणी, किंवा असल्यास चिकनचे पाणी, घालून बटाटा बोटाने दबेल इतका शिजवा. आता आच मंद करून दीड कप दूध घाला. खळखळून उकळू देऊ नका. दोन अंडी एकेक करून अलगद फोडून सोडा, झाकण ठेवा आणि पिवळा बलक पूर्ण घट्ट होऊ द्या. ज्येष्ठांनी अर्धकच्चे अंडे टाळावे. शेवटी चिरलेली कोथिंबीर आणि प्रत्येकी २० ग्रॅम पनीर कुस्करून घाला. तेथे खारट पांढरे चीज वापरतात. आपले पनीर अळणी असल्याने रक्तदाब असणाऱ्यांना ते अधिक सोयीचे. मीठ अगदी शेवटी, चव पाहूनच घालावे. अंडे वर्ज्य असल्यास पनीर दुप्पट करा. आरेपाची जागा मऊ फुलका घेईल.

हे लक्षात ठेवा

पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे गिळण्यास त्रास असेल, तर पातळ दूध आणि घट्ट फोडी एकाच घासात देऊ नका. ठसका लागण्याचा धोका वाढतो. सगळे घोटून एकजीव, दाटसर करा. रुग्णाला ताठ बसवून लहान चमच्याने भरवा आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. प्रत्येक जेवणात ठसका लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असल्यास बटाटा हा पोळीच्या ऐवजी मोजावा, पोळीशिवाय जास्तीचा नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे सूप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बटाट्यातील पोटॅशियम शिजवलेल्या पाण्यात उतरते आणि येथे ते पाणी आपण पितो. प्रथिनांचे वरील प्रमाणही त्यांना लागू नाही.

पहिल्या दिवशी अर्धा वाडगाच द्या आणि शक्य असेल, तर स्वतःही सोबत बसून घ्या. एकट्यापेक्षा सोबतीने दोन घास अधिक जातात. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन करून वहीत नोंदवा. सहा महिन्यांत ६० किलोचे ५७ झाले आणि कारण कळत नसेल, तर ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.