पाकीट घडवायला चला जानेफळला!

लेदर नको, ब्रँड नको. हवी एक टेप, एक कात्री आणि बुलडाणा जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. पुढच्या वीकेंडसाठी हा एकदम हटके बेत!

तुमच्या पाकिटात आत्ता काय आहे? डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, ऑफिसचं आय-कार्ड, पेट्रोल पंपाच्या पुसट झालेल्या पावत्या आणि कोपऱ्यात आजीने दिलेली एक घडी घातलेली नोट, बरोबर? चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे पैसे मोबाइलवरून जातात. तरीही वाढदिवसाला कुणी ना कुणी पाकीटच गिफ्ट देतं आणि सहा महिन्यांत त्याच्या कडा सोलायला लागतात. मग स्वतःच बनवलं तर? डक्ट टेपचं, घरच्या घरी, तासाभरात. आणि तेही अशा गावात, जिथे 'पैसे ठेवायला काहीतरी हवं' हा फॅशनचा नाही, आठवड्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

हे गाव म्हणजे जानेफळ. तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. टुरिस्ट नकाशावर शोधू नका, सापडणार नाही. लोणारला जाणारे मेहकरवरून परस्पर वळतात, शेगावला जाणारे खामगावला थांबतात. जानेफळ या दोन्हींच्या मध्ये, कापूस-सोयाबीन-तुरीच्या शिवारात, निवांत बसलंय.

टेपचा फंडा

आधी थोडं जीके. सन १९४३. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेस्टा स्टाउट नावाची बाई काम करत होती. तिची दोन मुलं नौदलात. काडतुसांच्या खोक्यांवर कागदी पट्टी चिकटवून मेण लावायचे, पण ओढायची शेपटी फाटायची आणि ऐन गोळीबारात खोकं उघडायचं नाही. बाईने उपाय काढला: पट्टी कापडाची, पाणी न शिरणारी करा. साहेबांनी मनावर घेतलं नाही, तर तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र धाडलं. काम जॉन्सन अँड जॉन्सनकडे गेलं आणि टेप तयार झाली. पुढे एप्रिल १९७० मध्ये 'अपोलो १३'च्या अंतराळवीरांनी हवा शुद्ध करायचं जुगाड याच टेपने जुळवलं आणि सुखरूप परत आले. बोला आता!

टेपची रचना साधी आहे. वर प्लास्टिकचा पातळ थर, मध्ये विणलेली जाळी, खाली रबरी गोंद. ती जाळी मुळात सुती कापडाची. इथे वऱ्हाडाशी नातं जुळतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. खामगाव कापसाची मोठी पेठ झालं. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटासा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तो याच गाठींसाठी. म्हणजे जानेफळकडे जाताना तुम्ही ज्या शिवारातून जाता, तिथलं पांढरं सोनं जगाच्या बाजारात फार आधी पोचलेलं आहे.

दुकानात काय मागाल?

जानेफळच्या हार्डवेअरच्या दुकानात 'डक्ट टेप' म्हटलं की कदाचित आधी काळी इन्सुलेशन टेप पुढे येईल, मग खोकी बंद करायची ब्राऊन टेप. काळी टेप अरुंद आणि ताणली जाणारी, ब्राऊन टेपला जाळीच नाही. दोन्ही चालणार नाहीत. एसीच्या पाइपला लावतात ती रुपेरी, कापडी टेप हवी, साधारण ४८ मिलिमीटर रुंदीची. खात्री हवी असेल तर शहरातून एक रोल सोबत न्या.

पण थांबा! गावात याहून भारी माल फुकट मिळतो: युरियाचं रिकामं पोतं. विणलेलं प्लास्टिक, फाटता फाटत नाही, पाणी झेलतं. खेड्यापाड्यांत या पोत्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवतात, पावसात डोक्यावर खोळ करून घेतात, धान्य वाळत घालायला अंथरतात. टेपच्या पोटात जी जाळी आहे, तीच इथे आयती मिळते. पोतं आधी साबणाने खळखळून धुवा आणि उन्हात कडक वाळवा, खताचा कण राहायला नको.

"काहून बाप्पा, दुकानात पाकीट भेटत नाही काय?" असं कुणी विचारलं तर हसून घ्या. प्रश्न रास्त आहे.

आता बनवूया!

मापं आधी. पाचशेची सध्याची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, शंभराची १४२ बाय ६६. जुन्या नोटा ७३ मिलिमीटर उंच होत्या, म्हणून बाबांचं जुनं पाकीट तुम्हाला ढगळ वाटतं. कार्ड सगळीकडे सारखंच: ८५.६ बाय ५४ मिलिमीटर.

१. २२ सेंटिमीटरच्या चार पट्ट्या कापा. गोंदाची बाजू वर ठेवून एकीवर दुसरी अर्धा सेंटिमीटर चढवत मांडा.

२. त्यावर गोंद खाली करून तशाच चार पट्ट्या चिकटवा, पण जरा सरकवून, म्हणजे सांधे एकाखाली एक येणार नाहीत. हवा राहू देऊ नका.

३. २० बाय १७ सेंटिमीटरचा तुकडा नीट कापा. लांबीत अर्ध्यावर दुमडा. दोन्ही बाजू टेपने बंद, वरचं तोंड उघडं. झाला नोटांचा कप्पा.

४. कार्डासाठी साडेनऊ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या गोंदाला गोंद लावून चिकटवा. आतल्या बाजूला तीन कडांनी बसवा. असे दोन खिसे करा, एक डावीकडे, एक उजवीकडे.

५. मधोमध दुमडा, जाड पुस्तकाखाली थोडा वेळ दाबून ठेवा. बस्स!

तीन मीटरच्या आत टेप लागते. पोत्याचा तुकडा वापरलात तर पहिल्या दोन पायऱ्या गाळा, फक्त कडा टेपने बांधा. एक टीप मात्र लक्षात ठेवा: वऱ्हाडातला मे महिना भयंकर. उन्हात गोंद मऊ होतो आणि कडेने बाहेर येतो. कडांना चिमूटभर पावडर चोळा आणि पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

गाठीशी काय?

आता बाजारात एक चक्कर मारा. घाई नको. भाजीवाल्या मावशींकडे क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसेल, पण बसायच्या पोत्याखालून सुटे काढणारा हातही दिसेल. शेतमजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी करायची रीत खेड्यात जुनी आहे. आठवड्याची मजुरी हातात येते आणि तासाभरात तेल-मीठ-मिरची होऊन जाते. त्यातले जे दहा-वीस रुपये उरतात, ते कुठे जातात?

उत्तर आपल्या भाषेतच आहे. 'गाठीशी पैसा असणे': पदराच्या टोकाला मारलेली गाठ, तीच बाईची बँक. 'कनवटीला लावणे': धोतराच्या कमरेची घडी. 'पदरमोड': स्वतःच्या पदराचं सोडून दुसऱ्यासाठी खर्च करणं. शिवाय कमरेचा कसा, तंबाखू-सुपारीसोबत चिल्लर सांभाळणारी चंची, बंडीचा आतला खिसा. आपल्याकडे पाकीट कधी दुकानातून आणायची गोष्ट नव्हतीच. ज्याने त्याने घरच्या चिंध्यांतून, आपल्या कमाईच्या मापाने, आपली जागा शिवली.

आणि ही जागा दुसऱ्या कुणाला दिसत नाही, हीच तिची खरी किंमत.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. तुम्हाआम्हाला एटीएमच्या रांगा आठवतात. पण घराघरांतल्या बायकांना डाळीच्या डब्यातले, गादीखालचे, गाठीतले पैसे घरच्यांसमोर काढावे लागले. वर्षानुवर्षं कुणाला न सांगता साठवलेले. मुलीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी, वेळप्रसंगासाठी. ते इतके होते की गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. पैसे बहुतेकींना बदलून मिळाले. गुपित मिळालं नाही.

योगायोग असा की यूपीआय त्याच वर्षी आलं. सोय जबरदस्त आहे, वादच नाही. पण यूपीआयला गाठ मारता येत नाही. कुणाला किती, कधी, सगळी यादी स्क्रीनवर. घरात एकच फोन असेल, आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असेल, तर आईचे वीस रुपयेसुद्धा सगळ्यांचे होतात.

म्हणून एक सांगणं. पाकीट एक नाही, दोन बनवा. दुसरं जरा लहान, साडीत किंवा उशीखाली मावेल असं. ते आईला, आजीला, मावशीला द्या. आत एक नोट ठेवा, रिकामं पाकीट देऊ नये म्हणतात. आणि नंतर त्यात किती साठलं, हे कधीही विचारू नका.

कसं जाल?
पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेड राजा, मेहकर असा रस्ता. मेहकरपर्यंत पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. नागपूर किंवा मुंबईहून समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरा. रेल्वेने शेगाव गाठा, तिथून खामगावमार्गे एसटी. बाजाराचा दिवस निघण्याआधी विचारून घ्या.

काय खाल?
ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे मिळाले तर सोडू नका. परतताना शेगावची कचोरी मस्ट!

जवळपास काय पाहाल?
मेहकरचा शारंगधर बालाजी, सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान, खामगावची चांदीची पेठ आणि अर्थातच लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. याचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं.

सोबत काय न्याल?
टेप, कात्री, पट्टी आणि सुटे पैसे. भरपूर सुटे!