भुसावळला वाघिणी दिसतात

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी तो प्रश्न येतोच. ‘मग, विकएंडला काय केलंस?’ कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी मल्टिप्लेक्समध्ये दोन सिनेमे लागोपाठ बघितलेले असतात, कुणी नुसतं झोपून काढलेलं असतं आणि तेही अभिमानाने सांगतं. मी म्हणते, ‘भुसावळला गेले होते. मालगाड्या बघायला.’ दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी काळजीने विचारतं, ‘म्हणजे काही काम होतं का तिकडे?’

काम काहीच नसतं हो. शुक्रवारी रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, सकाळी भुसावळला उतरायचं, मामांकडे आंघोळ-नाश्ता उरकायचा आणि दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनच्या टोकाकडच्या बाकावर ठाण मांडायचं. तिकीट दोन तास चालतं, संपलं की दुसरं काढायचं. दिवसाचा खर्च चाळीस-पन्नास रुपये, चहा वेगळा. एवढा स्वस्त छंद माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला नाही. वहीत काहीतरी लिहीत बसलेली एकटी मुलगी बघून लोक जरा टकामका बघतात, पण तासाभरात त्यांचाही कंटाळा संपतो. रूळ ओलांडायचे नाहीत आणि यार्डात पाऊल टाकायचं नाही, असा मामांनी पहिल्याच दिवशी दम दिलाय. तशी गरजही पडत नाही. मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरत अशा चारही दिशांची वाहतूक इथे येऊन मिळते. तुम्ही फक्त बसायचं. गाड्या आपणहून येतात.

या वेडाचं मूळ बहुतेक माझ्या गावात आहे. मी खापरची. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याचा पायथा, आणि थोडं पुढे गेलं की गुजरात सुरू. गावाला रेल्वे नाही. आहे तो अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता आणि त्यावरून रात्रंदिवस जाणारे ट्रक. आम्ही पोरं ओट्यावर बसून ट्रक मोजायचो. पासिंग कुठलं, जीजे, एमएच, एमपी की आरजे, यावर पैजा लागायच्या. कापूस, केळी, पपई, ऊस. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे निघालेली माणसंही ट्रकमधूनच जायची, भांड्याकुंड्यांसकट, शेळ्यांसकट, माझ्या वर्गातल्या मुलामुलींसकट. दर वर्षी त्या सुमारास वर्ग अर्धा व्हायचा. वस्तू आणि माणसं कुठून कुठे जातात, हे मला भूगोलाच्या पुस्तकाच्या आधी त्या ओट्यावर कळलं.

पहिली मालगाडी बघितली ती नंदुरबार स्टेशनवर. मी सात वर्षांची असेन. एसटीने तळोद्यावरून तापी ओलांडून नंदुरबार, आणि तिथून भुसावळला मामांकडे, असा बेत होता. सुरतेकडून येणारी ही लाइन तेव्हा एकेरी होती. (दुहेरीकरण पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं.) आमची पॅसेंजर लेट, बाबा वैतागलेले, आणि समोरून डिझेल इंजिनामागे एक मालगाडी सुरू झाली ती संपेचना. मी चाळीसपर्यंत मोजलं आणि गोंधळले. ट्रक एक-एक करून येतात. इथे एका मागोमाग एक, एकमेकांचा हात धरल्यासारखे. परत मोजायला मिळावं म्हणून मी बाबांना पुढची गाडी कधी, पुढची गाडी कधी, असं विचारून भंडावून सोडलं.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. इंग्रजी वॅगनची आपल्या लोकांनी वाघीण करून टाकली. भाषांतर समितीला हे जमलं नसतं! पण वाघिणी सगळ्या सारख्या नसतात. उघड्या, खोल, काळवंडलेल्या असतात त्या बॉक्सएन, कोळशाच्या. पत्र्याच्या बंद बीसीएन, त्यात धान्य, सिमेंट, खत. पेट्रोल-डिझेलच्या लांबट टाक्या वेगळ्या, कंटेनरच्या सपाट वाघिणी वेगळ्या. कोळशाच्या एका रेकमध्ये साधारण ५८-५९ वाघिणी असतात. गाडीची लांबी सहाशे मीटरच्या वर आणि पोटात चार हजार टनांच्या आसपास कोळसा. खापरच्या ओट्यावरच्या हिशेबात सांगायचं तर दोनशे ट्रक एका दमात. भुसावळजवळच दीपनगरचं वीज केंद्र आहे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला असे जवळजवळ दोन रेक खातो. हिंजवडीत एसी २२ वर ठेवून स्वेटर घालून बसणाऱ्या आमच्या टीमला मी हे एकदा सांगितलं. एसी २२ वरच राहिला.

इंजिनं म्हणजे तर वेगळीच मजा. नावं रुक्ष, पण अर्थ लावला की सोपी. डब्ल्यूएजी-९ मधला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, जी म्हणजे गुड्स. डब्ल्यूएजी-७ ची ताकद ५००० अश्वशक्ती, ९ ची ६००० च्या थोडी वर. मधेपुऱ्यात बनणारं डब्ल्यूएजी-१२ तर १२००० चं, दोन भाग पाठीला पाठ लावून जोडलेलं. ते २०२० पासून रुळांवर आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात दाहोदला नव्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तिथली इंजिनं ९००० अश्वशक्तीची. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचं नाव लिहिलेलं असतं, तेच मी वहीत उतरवते. भुसावळची स्वतःची शेड आहेच, पण अजनी, गोमोह, लालागुडा, तुघलकाबाद असे पाहुणेही येतात. झारखंडातल्या गोमोहचं इंजिन भर उन्हात खानदेशात उभं दिसलं की मला उगाचच विचारावंसं वाटतं, बाबा रे, घरून निघून किती दिवस झाले?

जुनी डब्ल्यूएजी-९ सुटताना चक्क गाते. मोटरला वीज देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेग वाढेल तसा ताल बदलते, त्यातून एकामागून एक चढे सूर निघतात. नव्या इंजिनांमधली यंत्रणा सुधारली आणि गाणं गेलं. त्यानंतर येतो माझा सगळ्यात आवडता आवाज. दोन वाघिणींच्या जोडामध्ये थोडी ढील असते. इंजिनाने ओढलं की पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी, आणि तो खण्ण-खण्ण आवाज तुमच्या समोरून पळत लांब शेपटाकडे जातो. गाडीचं तोंड चालू लागलेलं असतं आणि शेपूट अजून उभंच असतं.

त्या शेपटाला माझे मामा असायचे. तीस वर्षं गुड्स गार्ड. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. तेव्हा मी फोनवर म्हटलं, ‘मामा, तुम्ही मॅनेजर झालात, पार्टी द्या.’ ते म्हणाले, ‘कसला मॅनेजर, डबा तोच आहे.’

तो डबा म्हणजे ब्रेकव्हॅन. जुन्या व्हॅनमध्ये ना पंखा ना दिवा, लोखंडी बाक आणि भुसावळचा मे महिना. लग्नकार्यात आमच्याकडे एक्स्प्रेसवर असलेल्या काकांना पुढच्या रांगेत खुर्ची असायची. मामा मात्र बहुतेक वेळा कुठल्यातरी लूप लाइनला असायचे. मालगाडीला तुमच्या-आमच्या गाडीसारखं ठरलेलं वेळापत्रक नसतं. मागून एक्स्प्रेस आली की तिला बाजूच्या लूपमध्ये घालतात. एक जाते, दुसरी येते. मालगाडी उभीच. माझ्या बारशाला मामा दुसऱ्या दिवशी पोचले, हे आई अजून ऐकवते.

मी एकदा विचारलं होतं, ‘इतके तास उभं राहून करता काय?’

‘बघतो,’ मामा म्हणाले.

हे बघणं म्हणजे काम होतं. बाजूने गाडी जाताना तिच्या एकेका डब्याखाली बघायचं. कुठे धूर येतोय का, आस तापलाय का, काही लोंबतंय का. सगळं ठीक असेल तर हिरवा बावटा, रात्री हिरवा दिवा. समोरचाही तेच करतो. मिनिटभराची ओळख, तीही हिरव्या रंगापुरती. आणि शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी असते ना, ती दिसली की स्टेशनमास्तरला कळतं गाडी पूर्ण आली, मधेच तुटून मागे काही राहिलं नाही. ती दिसेपर्यंत मागच्या गाडीला वाट देत नाहीत. ही पाटी नीट लावलीय की नाही, हे बघण्यात मामांची उमर गेली.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई ताईकडे नाशिकला होती. तिथेच तिला कोविड झाला. मी पुण्यात, बाबा खापरला, आणि ताई हॉस्पिटलच्या बाहेर. नंदुरबारची तेव्हा देशभर बातमी होत होती, कारण जिल्ह्याने आधीच स्वतःचे ऑक्सिजन प्लांट उभारले होते. नंदुरबार स्टेशनवर तर रेल्वेचे डबेच कोविड वॉर्ड म्हणून उभे होते. पण आई नाशिकला होती आणि नाशिकमध्ये ऑक्सिजनची मारामार होती. ताईचा फोन आला की मी आधी तिचा श्वास ऐकायचे, मग शब्द.

१९ एप्रिलच्या रात्री कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस निघाली. नाव एक्स्प्रेस, पण होती मालगाडीच. सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर चढवलेले. ट्रक गाडीवर चढवायची ही रो-रोची पद्धत कोकण रेल्वेने १९९९ पासून चालवलेली. टँकर चढवल्यावर उंची एवढी झाली की घाटातून नेता येईना, म्हणून वसई–सुरतमार्गे वळसा घेऊन आमच्या नंदुरबारवरून, भुसावळवरून ती विशाखापट्टणमला गेली. सुमारे १८५० किलोमीटर, पन्नास तासांच्या आसपास. तिथे शंभर टनांहून जास्त द्रवरूप ऑक्सिजन भरला. परत येताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले चार २४ एप्रिलच्या सकाळी नाशिकला पोचले.

त्याच्या आदल्या रात्री मामा ड्युटीवर होते, भुसावळच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनवर. गाडी नेहमीप्रमाणे लूपमध्ये. फक्त या वेळी तिला अडवून पुढे काढलेली गाडी मालगाडीच होती. सगळी लाइन तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. मामांनी मला हे खूप नंतर सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. आपली बहीण नाशिकला कुठल्या वॉर्डात आहे, हे त्यांना माहीत होतं. ‘मग काय केलंत?’ मी विचारलं. ‘काय करणार? खाली उतरून उभा राहिलो. चाकं बघितली, टँकरच्या साखळ्या बघितल्या. सगळं ठीक होतं. हिरवा दाखवला.’

आई मे महिन्यात घरी आली. त्या चार टँकरमधलं तिच्या वाट्याला काही आलं की नाही, याचा हिशेब कुणाकडे नाही. पण मामांच्या लूप लाइनवरून आमच्या घरात विनोद होणं तेव्हापासून बंद झालं, आणि बारशाचा किस्सा आई आता वेगळ्या आवाजात सांगते.

मामा २०२४ ला रिटायर झाले. आता गाडीच्या शेवटी लावायचं एक यंत्र आलंय, ईओटीटी म्हणतात त्याला. शेवटची वाघीण सोबत आहे, हवेचा दाब बरोबर आहे, हे ते रेडिओवरून थेट इंजिनला कळवतं. मग ब्रेकव्हॅन नको आणि गार्डही नको. मामा या विषयावर चिडतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘दाब कळेल त्याला. बाजूच्या गाडीखाली काय लोंबतंय ते कोण बघणार, ते विचार.’

परवाच्या दिवाळीत आम्ही दोघं संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर बसलो होतो. मी इंजिन बघितलं, लालागुडा, वहीत लिहिलं. मामांनी इंजिनाकडे ढुंकूनही बघितलं नाही; ते गाडी संपायची वाट बघत होते. शेवटची वाघीण आली. मागे ब्रेकव्हॅन नव्हता, नुसती एक लाल लुकलुकणारी पेटी होती. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

‘फार गरम व्हायचं त्या डब्यात,’ एवढंच म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला उठले.