कुठवर आलं?

आम्हा सुरतकर मराठी माणसांच्या घरी एक प्रश्न दोन भाषांतून फिरतो. तापी चढू लागली की गल्लीत विचारतात, ‘पाणी क्यां पहोंच्युं?’ आणि माजघरातून आवाज येतो, ‘कुठवर आलं गं?’ ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं, तेव्हा खाली पाहून आलेला माणूस उत्तर देईपर्यंत पाणी आणखी एक पायरी चढलेलं असायचं. उत्तर खरं, पण विचारलं त्या घटकेपुरतंच.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो अशाच पुराचं गणित संगणकावर मांडतो. शहराचे तुकडे पाडायचे; रांदेर एका प्रोसेसकडे, अडाजण दुसरीकडे, अठवा तिसरीकडे. प्रत्येकीनं आपापल्या भागातल्या पाण्याची उंची काढायची आणि सगळ्यांनी ती एकाच फाइलमध्ये लिहायची. हा व्यवहार चालतो एमपीआयच्या नियमांनी. पहिले नियम १९९४ चे. फाइलींची व्यवस्था १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

त्या फाइलला एक सामाईक खूण असते, पोथीतल्या मोरपिसासारखी. पोथी एक, मोरपीस एक, हात मात्र पुष्कळ.

‘मामा, ती खूण कुठं आहे ते विचारताही येतं,’ भाचा म्हणाला. त्या आज्ञेचं नाव गेट पोझिशन शेअर्ड. कुणालाही वाटेल, छान झालं. विचारावं आणि तिथं लिहावं. पण गोम इथंच आहे. रांदेरनं विचारलं, उत्तर आलं १०००. तेवढ्यात अडाजणनंही विचारलं, त्यालाही १०००. दोघांनी तिथंच लिहिलं, की एकाचे आकडे दुसऱ्याखाली गडप. संगणक चकार शब्द काढत नाही. नकाशातून रांदेरचा पूर तेवढा नाहीसा होतो. ज्यांनी तिथं गच्चीवर रात्री काढल्या, त्यांना हा नकाशा कोण दाखवणार?

म्हणून जागा घेणं आणि खूण पुढं सरकवणं एकाच आज्ञेत व्हावं लागतं. राइट शेअर्ड ते करते. पण आधी कोण लिहील याचा नेम नाही, तेव्हा प्रत्येक नोंदीवर विभागाचं नाव हवंच. राइट ऑर्डर्डमध्ये सगळ्यांनी मिळून यायचं आणि आपापल्या क्रमांकानं लिहायचं. रेशनच्या रांगेत वाढलेल्या आमच्या पिढीला ही दुसरी रीतच पटणार, थोडी सावकाश चालली तरी.

मग विचारण्याचा उपयोग काय? आहे ना! सगळ्या लिहून थांबल्या असताना तो आकडा टिपून ठेवायचा. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू करताना सीक शेअर्डनं खूण तिथं नेता येते. मात्र सगळ्यांनी एकच आकडा सांगायला हवा. शिवाय हा आकडा बाइटचा नसतो, ठरलेल्या मापाचा असतो. नोंद ८ बाइटची असेल आणि नोंदी सलग असतील, तर १००० म्हणजे सुरुवातीपासून ८००० बाइट. आमच्या कापड बाजारातले मुनीमजीही थान मोजतात, धागे नाही.