किरकोळ, १० पैसे

बॅगाटेल आठवतंय तुम्हाला? लाकडी फळी, त्यावर ठोकलेले खिळे आणि उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगची दांडी. दांडी ओढून सोडली की छर्रा वरच्या गोलाईवरून सरकत जायचा आणि खिळ्यांवर टणटण आपटत खाली यायचा. ज्या खिळ्यांच्या घरात अडकला, तिथले गुण आपले. कुठेच नाही अडकला तर तळाशी. शून्य.

आमच्या मिरजेच्या गल्लीत ते कुणाच्याच घरी नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मात्र होतं, गुळाच्या ढेपेशेजारी. साल १९८१, मी चौथीत. १० पैशांत पाच छर्रे. ५००च्या वर गेलात तर श्रीखंडाची एक गोळी. गोळीचं एवढं काही नव्हतं हो. पण छर्रा १५०च्या घराच्या तोंडाशी येऊन थरथरायचा ना, तेव्हा अख्खं दुकान श्वास रोखून बघायचं. दांडी पूर्ण ओढायची नाही, अर्ध्याच्या थोडी पुढे, हे मला हळूहळू कळलं होतं. मुलगी म्हणून आधी मागे ढकलणारे पोरगे नंतर मलाच विचारायला लागले, "किती ओढू गं?"

आमचं सामान वहीवर यायचं. साखर, चहा, तेल आणायला मीच जायचे. एके दिवशी जवळ पैसे नव्हते, तर सहज म्हणाले, "अण्णा, वहीत मांडा की." अण्णांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मांडलं. मग रोजच.

माझे बाबा एसटीत कंडक्टर. हिशोबात चार आणे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भरायचे. दर महिन्याच्या एक तारखेला कंदिलापाशी वही घेऊन बसायचे, वीज असली तरी कंदिलापाशीच, ती त्यांची सवय. त्या दिवशी एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. 'किरकोळ, १० पैसे.' ३१ वेळा.

"हे काय गं?"

मी खरं सांगितलं. बाबांनी हात उगारला नाही. मला घेऊन दुकानात गेले, कातडी पिशवीतून सुटे काढले आणि काउंटरवर एकेक नाणं ठेवत मला मोजायला लावलं. ती नागमोडी कडांची हलकी नाणी. पोरं उभी होती. सतराव्या नाण्याला माझा आवाज गेला, तर बाबा थांबून राहिले. मी पुन्हा सतरा म्हटल्यावरच अठरावं ठेवलं.

"अहो, राहू द्या हो," अण्णा पुटपुटले.

"कसं राहू द्या अण्णा? तुम्ही किरकोळ लिहिलंत. जुगार लिहायचं होतं."

दुसऱ्या दिवशी बॅगाटेल माळ्यावर गेलं, ते परत खाली आलंच नाही. पोरं पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

जुगार या शब्दाचा मला बरीच वर्षं राग होता. मग कधीतरी वाचलं की याच खेळाच्या थोरल्या भावाला, पिनबॉलला, जुगार ठरवून न्यूयॉर्कमध्ये १९४२ ते १९७६ बंदी होती. खुद्द महापौरांनी हातोडा घेऊन यंत्रं फोडली होती म्हणे. म्हटलं, चला, बाबा एकटे नव्हते!

गेल्या दिवाळीत बंगळुरूला लेकीकडे गेले होते. मॉलमध्ये नातवाने पिनबॉलसमोर नेऊन उभं केलं. दिवे, गाणी, खाली चेंडू परत उडवणारे दोन पंख. दांडी मात्र तीच. मी अर्ध्याच्या थोडी पुढे ओढली.

"आजी, भारी! अजून एकदा?" त्याने कार्ड टेकवलंसुद्धा.

"किती गेले रे?"

"काय माहीत. कार्डातून जातात."

मी पर्स उघडून सुटे शोधायला लागले.