खाली बसता येईल का?

पाय गमावलेला माणूस आधी चालण्याबद्दल विचारेल असं सगळ्यांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. "चालेन हो मॅडम, काठी घेऊन का होईना," असं म्हणून माणसं लगेच पुढचं विचारतात. मांडी घालता येईल का? संडासला बसता येईल का? पंगतीत, देवापुढे, बांधावर भाकरी सोडून बसता येईल का? नकली पाय लावून माणसाला उभं कसं करायचं, याचं शास्त्र आम्हाला कॉलेजात अगदी बारकाईने शिकवतात. पण आमच्या पेशंटचं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. फिजिओथेरपिस्ट म्हणून इतकी वर्षं हेच काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की जमिनीवर बसून पुन्हा उठता येत नाही तोवर आपल्याकडच्या माणसाचं पुनर्वसन झालं असं म्हणू नये.

कामाची सुरुवात मात्र नकली पाय येण्याच्या खूप आधी, वॉर्डात होते. ऑपरेशननंतर घरची माणसं उरलेल्या पायाखाली, म्हणजे स्टंपखाली, हमखास उशी सरकवतात. त्या उशीत किती माया आहे ते मला दिसत असतं, तरी ती मला काढावी लागते. गुडघा दिवसरात्र वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, आणि न सरळ होणाऱ्या गुडघ्यावर सॉकेट, म्हणजे नकली पायाचा स्टंप आत घेणारा वरचा भाग, नीट बसत नाही. म्हणून मी उशी काढते, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं झोपायला लावते, आणि क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं कसं बांधायचं ते घरच्यांना शिकवते. टोकाशी घट्ट, वर जावं तसं सैल. सूज उतरून स्टंपला आकार यावा, यासाठी हा खटाटोप. हे बांधणं बायका फार लवकर शिकतात. जन्मभर लेकरांची आणि म्हाताऱ्यांची दुखणी काढलेल्या हातांना मी नवीन काय शिकवणार, असं कित्येकदा मनात येतं.

येणारे लोक नाना तऱ्हेचे. दुचाकीच्या अपघातातली तरणी पोरं, लोकलखाली पाय गेलेले चाकरमानी आणि मधुमेहाने तळवा बधिर झालेले काका-मावश्या. या शेवटच्यांचं मला सर्वांत वाईट वाटतं. चपलेत अडकलेला खडा त्यांना टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर पाय हातचा गेलेला असतो. रोज रात्री कुणीतरी त्यांचे तळवे नुसते पाहिले असते, तरी यातले कितीतरी पाय राहिले असते.

पाय बसवून आला की पॅरलल बार्समध्ये पहिला धडा वजनाचा. घरात असतो तो साधा वजनकाटा नकली पायाखाली ठेवायचा आणि म्हणायचं, काका, टाका यावर भार. काटा जेमतेम हलतो, कारण जो तळवा आपला नाही, ज्याला जमीन कळत नाही, त्याच्यावर शरीर विश्वास टाकत नाही. गुडघ्याखाली पाय गेलेल्यांच्या सॉकेटमध्ये भार स्टंपच्या टोकावर घ्यायचा नसतो. बराचसा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर येतो. हे कितीही समजावलं तरी ते अंगाला कळायला दिवस जातात. शिवाय दम लागतो. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या, एरवी धडधाकट माणसालासुद्धा चालायला साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्याच्या वर गेला असेल तर निम्म्याहूनही जास्त. "आळशी झालेत, दोन पावलं टाकली की बसतात," अशी तक्रार घरचे करतात, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन हे आकडे सांगते.

जमिनीचा विचार या देशात नेटाने झाला तो जयपूरला. पूर्वीच्या विलायती धाटणीच्या पायात घोट्याला हालचाल नसे आणि आतला पट्टा ताठ असे. बूट घातल्याखेरीज तो पाय चालत नसे. लोक घरी गेले की तो काढून ठेवत. सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968च्या सुमारास रबराचा पाय घडवला. पुढे आणि टाचेला स्पंजासारखं रबर, घोट्याला लाकूड, वरून रबराचंच आवरण, आणि ते सगळं साच्यात तापवून एकजीव केलेलं. हा पाय अनवाणी चालतो, चिखलात जातो, आणि घोट्यापाशी इतका वळतो की उकिडवं बसता येतं. सेठींना 1981मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्यांच्या जोडीने तितकंसं घेतलं जात नाही, याची मला खंत आहे. डॉक्टरांना शरीर माहीत होतं, पण जमिनीवर बसून काम करणाऱ्याची गरज कारागिरालाही ठाऊक होती, आणि त्या जाणिवेशिवाय हा पाय झाला नसता असं मला वाटतं.

तरीही नुसत्या पायाच्या पंजावर भागत नाही. सॉकेटची मागची कड जरा उंच राहिली तर उकिडवं बसताना ती मांडीच्या मागच्या शिरांमध्ये रुतते. म्हणून सॉकेट पक्कं होण्याआधी मी पेशंटला माझ्या खोलीतल्या सतरंजीवर बसवून पाहते, आणि पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाला तिथेच बोलावते. दोन मिलिमीटर इकडे, दोन तिकडे, असं आमचं चालतं. भाताची खाचरं असलेल्या एका दादांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं, "वाफ्यात उतरता येईल ना?" त्यांच्यासाठी आम्ही ओली माती भरलेल्या घमेल्यात पाऊल टाकून ओढून काढायचा सराव केला. असा व्यायाम कुठल्याही पुस्तकात नाही.

पडण्याचंही शिक्षण द्यावं लागतं. कारण गेलेला पाय मेंदूतून जात नाही. तुटलेल्या पायाची बोटं खाजतात, पोटरीत गोळा येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेल यांनी 1871मध्ये याबद्दल लिहिलं. पुढे 1990च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरसा वापरून काहींच्या वेदना कमी करून दाखवल्या. आरशात शाबूत पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं आणि मेंदूची समजूत पटते. मीही आरसा वापरते. काहींना गुण येतो, काहींना नाही. पण या भासाचा खरा धोका रात्रीचा असतो. माणूस अर्धवट झोपेत लघवीला उठतो, पाय आहे असं समजून टाकतो आणि कोसळतो. म्हणून पडताना स्टंप कसा वाचवायचा, कुशीवर वळून हातांवर भार घेत, खाटेचा कोपरा धरून कसं उठायचं, हे आम्ही पुन्हा पुन्हा घोटून घेतो. जमिनीवरून एकट्याने उठता आलं की माणसाचा चेहराच पालटतो. घरात एकटं राहायची भीती तिथे संपते.

शिबिरांतून पाय वाटले जातात, हे काम मोठं आहे. पण पाय मिळाला, फोटो निघाला आणि शिकवणारं कुणी नसलं, तर तो पाय माळ्यावर जातो. असे माळ्यावरचे पाय मी घराघरांत पाहिले आहेत. शिवाय स्टंप वर्षभर आक्रसत राहतो, सॉकेट सैल होतं, आत मोजे वाढवावे लागतात, शेवटी सॉकेटच बदलावं लागतं. कंबर धरलेला पेशंट बरा झाला की निघून जातो. माझे पेशंट मात्र जन्मभर येत राहतात, सुना-नातवंडांना दाखवायला आणतात. लोक फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन समजतात आणि पगारही यथातथाच असतात, तरी हा व्यवसाय सोडावा असं मला कधी वाटलं नाही, ते या येत राहणाऱ्या माणसांमुळे.

सध्या एका आजींचा पेच सोडवतो आहोत. पाय गुडघ्याच्या वर गेलेला. चालतात छान. पण भजनाला बाकीच्या खाली बसतात आणि यांना खुर्ची, हे त्यांना सोसवत नाही. बैठक मारायची तर पाय काढून ठेवणं सोपं. मात्र आजी नऊवारीवाल्या. काष्टा मांडीला लपेटलेला, त्याच्या आत सॉकेट. चारचौघांत ते काढणार कसं? मांडी घालता यावी म्हणून गुडघ्याच्या वर फिरणारा सांधा बसवता येतो, पण तो त्यांच्या ऐपतीबाहेरचा आहे. शेवटी त्यांच्या सुनेनेच सुचवलं, शिवलेली नऊवारी घेऊ आणि आतल्या बाजूने चेन लावून घेऊ. शिंप्याने पहिली चेन आखूड लावली, सॉकेट अडकलं. आता तो लांब चेन लावून देणार आहे, आणि येत्या गुरुवारी आजी ती नेसून सतरंजीवर बसून बघणार आहेत.