कुणाचा खांदा दुखला?

आमच्या शाळेत फेब्रुवारी लागला की भांडणं वाढतात. पेन्सिल लपवली, रांगेत ढकललं, आईवरून चिडवलं, एवढ्याशा कारणावरून मुलं एकमेकांच्या अंगावर जातात. आमचा गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या बेचक्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून. धान घरात आलं की गावात हाताला काम उरत नाही, मग माणसं मिरची तोडायला सीमेपलीकडे जातात. अंगावरचं लेकरू आईसोबत जातं, शाळेतलं आजीजवळ राहतं. आम्ही परीक्षेची तयारी करून घेतो नेमक्या त्याच दिवसांत वर्गातल्या कितीतरी मुलांची आई घरी नसते. हे लक्षात आल्यापासून त्यांच्या भांडणांना मी निव्वळ बेशिस्त म्हणू शकत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. 2024 मध्ये राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला. प्राणायाम, ध्यान, खेळ, भावना सांभाळणं असे विषय त्यामुळे वेळापत्रकात आले. याआधीही असे प्रयत्न झालेत. बीड जिल्ह्यात 2009 मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं, दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम आला. या सगळ्यातून मला उपयोगाचं वाटलं ते घेते. पण सुरुवात नेहमी खेळानं करते. राग आवरायला सांगून मूल राग आवरत नाही. राग येईल असा डाव आधी मांडावा लागतो.

विषामृत हा तसा डाव. राज्य असलेल्यानं शिवलं की तुम्ही विष, जागच्या जागी उभं राहायचं. सवंगडी येऊन ‘अमृत’ म्हणून शिवेपर्यंत हलायचं नाही. चौथीतला एक मुलगा यात हमखास चिडायचा. पकडला गेला की शिवणाऱ्याला ढकलून द्यायचा, नाहीतर डाव सोडून भिंतीशी जाऊन बसायचा. त्याची आई त्या वर्षी दिवाळीनंतर लवकरच मिरची तोडायला गेली होती. एके दिवशी तो पकडला गेला, मुठी आवळल्या, पण जागचा हलला नाही. सगळे दुसऱ्या टोकाला पळत होते, त्याच्याकडे कुणी बघेना. बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग ओरडला, “मले सोडवा ना रे!” सकाळीच ज्याच्याशी मारामारी झाली होती, तोच पोरगा राज्यवाल्याला चुकवत आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. मदत मागितली आणि मदत आली, हा अनुभव त्या मुलाला भाषणातून देता आला नसता.

‘शिवाजी म्हणतो’ मला तितकाच मोलाचा वाटतो. “शिवाजी म्हणतो, हात वर” म्हटलं तर हात वर न्यायचा, नुसतं “हात वर” म्हटलं तर नाही. हात उठायला निघालेला असतो आणि त्याला अर्ध्यात थोपवायचं असतं. मारायला उचललेला हात थोपवायलाही हीच ताकद लागते आणि ती खेळता खेळता कमावता येते. डाव संपला की आम्ही कडुनिंबाखाली बसतो. पकडला गेलास तेव्हा अंगात कुठं काय झालं, एवढंच मी विचारते. “डोकं गरम झालं”, “पोटात गोळा आला”, “रडू आलं पण गिळलं”. हे बोलायला लागलेली मुलं पुढं भांडणाआधीही बोलतात: “मॅडम, माझं डोकं गरम होऊन राहिलं.” तेवढ्या वेळात मला मध्ये जाता येतं.

शांत बसणं आमच्या भागाला नवं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळानं सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना या जिल्ह्यातल्या गावागावांत रुजवली आहे. त्यामुळे मुलं डोळे मिटून बसतात याचं गावाला नवल वाटलं नाही. शाळांसाठी राज्यानं इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर ‘मित्र’ उपक्रम राबवला, त्यात आनापान शिकवतात. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नाकाशी तो येतो आणि जातो, ते नुसतं जाणायचं. मन पळालं तर पुन्हा तिथं आणायचं. दहा मिनिटं म्हणजे लहान मुलाला फार, आम्ही दोन-तीन मिनिटंच बसतो.

तिसरीतली एक मुलगी डोळे मिटायला तयार नव्हती. बाकीचे मिटायचे, ही पापणी न लवता दाराकडे बघत बसायची. तिच्या आजोबांवर जंगलात वाघानं हल्ला केला होता आणि त्यातून ते वाचले नाहीत. कन्हारगावचं जंगल इथून लांब नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला माणसं पहाटेच्या अंधारात निघतात. खाली वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं इथले जाणते सांगतात. त्या घरातल्या मुलीला “डोळे मीट, इथं काही होत नाही” असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी तिला डोळे उघडे ठेवून श्वास मोजायला सांगितलं, पाठ भिंतीला टेकवून, दार दिसेल अशा जागी. तिच्याबरोबर आणखी चौघं भिंतीशी येऊन बसली. त्यांनाही हेच हवं होतं, सांगितलं नव्हतं इतकंच.

भीतीबद्दल माझं मत इथंच पक्कं झालं. शहरातल्या पुस्तकांत भीती घालवायचे उपाय असतात. इथली भीती घालवली तर मूल एकटंच नाल्याकडे जाईल. “मले भेव लागते” हे त्याला मोठ्यानं म्हणता यावं, कुणाजवळ म्हणायचं ते ठाऊक असावं, आणि शाळेच्या आवारात असताना ती भीती थोडी बाजूला ठेवता यावी, एवढंच मी मागते. मोहाच्या दिवसांत आम्ही त्यावर उघड बोलतो: एकट्यानं जायचं नाही, उजाडल्याशिवाय जायचं नाही, बोलत-आवाज करत जायचं. हे बोललं की मुलांचे चेहरे सैल होतात.

कृतज्ञतेच्या बाबतीत मात्र मी फार जपून पावलं टाकते. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या. आभार लिहिणारे आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. ते कॉलेजातले विद्यार्थी होते. माझ्या वर्गातल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हात जोडायलाच शिकवलंय. दप्तर मिळालं, हात जोडा. गणवेश मिळाला, हात जोडा. जे हक्कानं मिळायला हवं त्यासाठी रोज आभार मानायला लावणं मला पटत नाही.

मला वाट दाखवली पोळ्यानं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून, पळसाच्या पानानं, जू घासतं नेमकं तिथं, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. जिथं दुखलं तिथं हात ठेवायचा, हे इथल्या प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. म्हणून शनिवारी मी “कुणाचे आभार मानाल” असं विचारत नाही. विचारते, “या आठवड्यात तुझ्यासाठी कुणाचा खांदा दुखला?” मग देव, देश, सरकार अशी पाठ केलेली उत्तरं येत नाहीत. आजीचे गुडघे येतात. शेंबूड पुसणारी मोठी बहीण येते. “मायची बोटं, मिरचीनं जळतात”, असं एकानं सांगितलं, आणि लगेच म्हणाला, “पण तिनं फोन नाही केला, मले राग आहे.” दोन्ही गोष्टी फळ्यावर लिहिल्या, शेजारी शेजारी. दुसरी पुसून पहिली ठेवायची नाही, हा आमचा नियम झाला.

एका शनिवारी उत्तर आलं, खिचडीवाल्या काकू. मुलं त्यांच्याकडे गेली, चुलीशी बसली, प्रश्न विचारले. शाळेत यायच्या आधी घरचा स्वयंपाक, इथं धूर, मग भांडी, आणि तुटपुंजं मानधन. पातेलं उतरवताना दुखतो तो खांदा त्यांनी खरोखरच दाखवला. तेव्हापासून चौथीची मुलं दोघा-दोघांनी हापशीवरून पाण्याची बादली आणतात. माझी परवानगी कुणी विचारली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक मुलगी ताट हातात घेऊन माझ्याजवळ आली. “मॅडम, काकूला धन्यवाद म्हटलं न आपण. आता खिचडी खारट आहे असं सांगता येते का?” मी म्हटलं, त्यांनाच विचार. काकूंनी तिच्या ताटातला घास चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “सांगा ना बाई, नाही सांगाल तं मले कसं समजन?”